किल्लीवाली आणि किल्ल्याचं दार

"मुखवटा घातला म्हणून दुष्ट? वा वन्सं, वा!"

"मुखवट्याचं नाही गं. आमची कोठारं जाळलीत म्हणून दुष्ट."

"आणि आधी आमची नदी कोणी वळवली? तुमच्याच किल्लेकऱ्यांनी ना?"

"प्रत्येक खलनायकाचं बालपण करुणच असतं, वहिनीबाई. तेवढ्यावर सूट मिळत नाही!"

एवढं बोलून किल्लीवालीने किल्ल्या कापायचं यंत्र सुरू केलं. किर्रर्र! वहिनीने चहाची किटली काउंटरवर आपटली आणि स्टुलावर ठाण मांडलं.

दुकान म्हणजे भिंतीतला कोनाडाच, वर कोऱ्या किल्ल्यांची झालर. वडिलांच्या मागे किल्लीवालीने ते एकटीने चालवलं. भावाचं लग्न झालं, वहिनी घरात आली, पण दोघींचं बोलणं "साखर घालू?" "घाल." याच्या पुढे सरकेना. मग भावाने दोघींच्या मोबाइलवर एक खेळ टाकून दिला, आणि दोघी पडल्या नेमक्या विरुद्ध गोटांत: वहिनी मुखवटेवाल्यांच्या टोळीत, किल्लीवाली किल्लेकऱ्यांत. भांडायला विषय मिळाला आणि घराला वाचा फुटली! तेव्हापासून वहिनी रोज संध्याकाळी दुकानात चहा आणते, तो रोज गार होतो.

जन्मभर लोकांची दारं उघडून देणारी किल्लीवाली खेळात मात्र किल्ल्याच्या दाराची राखणदार. ते दार उघडायचं बटण फक्त तिच्या मोबाइलवर. आणि मुखवटेवाले आले होते घाईला. आज आत शिरता आलं नाही तर टोळी कायमची बाद, वहिनीचा खेळ खलास.

यंत्र थांबलं.

"गोष्टीतले राखणदार दोनच जातीचे असतात," वहिनी म्हणाली. "पहिल्या बाणाला मरणारे, नाहीतर शेवटी फितूर होणारे. तुम्ही मरत तर नाही. मग व्हा की फितूर!"

"माझ्याकडून फितुरी व्हायची नाही."

"मग विसरभोळेपणा करा."

"तो माझं गिऱ्हाईक करतं. त्यावर तर पोट चालतं माझं!"

दोघी खो खो हसल्या. हसता हसता किल्लीवालीला चुटपुट लागली. टोळी बाद झाली तर उद्या हिच्याशी भांडायचं कशावरून? पुन्हा आपलं "साखर घालू?"

तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या. "अहो, दार ओढलं गेलं! किल्ली आत, गॅसवर दूध!"

किल्लीवालीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"वन्सं, जाता जाता एवढं सांगा," वहिनी ओरडली, "उघडणार की नाही?"

साधा पेन्सिलीचा डबाही कुलपाशिवाय न सोडणारी किल्लीवाली भराभरा चालत रस्त्याला लागली. काउंटरवर तिचा मोबाइल तसाच उघडा पडला होता, पडद्यावर किल्ल्याचं दार.