यात दारू नाही

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल, पण त्यानं वर्ध्यातल्या कुठल्याही भंगारवाल्याकडे जाऊन पाहावं. मी गेलो तेव्हा त्यानं मला मागच्या शेडमध्ये नेलं. बिअरच्या तपकिरी बाटल्यांची पोती छतापर्यंत रचलेली होती. मी वीस बाटल्या मागितल्या. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "धंदा सुरू करून राह्यले का, भाऊ?"

मला त्या आल्याच्या सोड्यासाठी हव्या होत्या. आलं, साखर आणि पाणी यांचं विरजण आठवडाभर रोज थोडं थोडं वाढवायचं, मग लिंबू पिळलेल्या साखरपाण्यात ते घालून बाटल्या झाकणबंद करायच्या. दोन दिवसांत आत गॅस धरतो, की लगेच फ्रिजमध्ये ठेवायच्या. मोबाइलवर पाहून शिकलो होतो. पहिला घाणा सरबताच्या पातळ बाटल्यांत भरला तर त्यातली एक फुटली आणि आल्याचा कीस स्वयंपाकघराच्या छताला जाऊन चिकटला. बायको म्हणाली, "अहो, आता पुरे." मला कुणी पुरे म्हटलं की तिथून माझं सुरू होतं. गॅस सांभाळायला जाड काचेची बाटली लागते, आणि तसली बाटली आमच्याकडे एकाच गोष्टीची मिळते.

बाटल्या मी अंगणात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घातल्या. जुनी लेबलं सुटून टबात तरंगायला लागली तेव्हा शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून डोकावले. तपकिरी बाटल्या पाहिल्या आणि घरात निघून गेले. मला त्याचाच राग आला. तेव्हाच ठरवलं, बाटलीवर स्वतःचं लेबल लावायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची.

पहिली लेबलं हातानं रंगवली. माझं आलं पायाच्या बोटांसारखं दिसत होतं, आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटला की शाई ओघळून जायची. मग झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. खळीनं चिकटवली तर धुताना निघता निघेनात. शेवटी दूध सापडलं. लेबलाच्या मागे दुधाचं बोट फिरवलं की ते पक्कं बसतं आणि पाण्यात टाकलं की आपोआप सुटतं. हा शोध मी ऑफिसातल्या प्रत्येकाला दोनदा तरी सांगितला असेल. लेबलावर वर आल्याचं चित्र, मधे 'आल्याचा सोडा' आणि खाली लाल ठळक अक्षरांत 'यात दारू नाही.'

इथेच माझी अक्कल चरायला गेली. आमच्याकडे दारू दुधाच्या कॅनमधून येते, थंड पेयाच्या बाटलीतून येते, पण 'दारू' असं लिहून कधीच येत नाही. त्यामुळे बिअरच्या बाटलीवर दारू नाही असं लिहिलेलं असेल, तर वर्धेकर काय समजायचं ते समजतो. ऑफिसातला एक जण अर्धा ग्लास पिऊन खुर्चीला टेकला आणि डोळे मिटून म्हणाला, "हळूहळू चढून राह्यली बा." दुसरा थेट घरी आला आणि 'तो लाल अक्षरवाला माल' मागायला लागला. मी दोघांवरही खेकसलो. पुढच्या घाण्याला लाल अक्षरं आणखी मोठी केली आणि त्यात 'अजिबात' घातलं. मागणी दुप्पट झाली.

ही वार्ता आमच्या गावी, आंजीला पोचायला वेळ लागला नाही. आई तिथे थोरल्या भावाकडे राहते. गावातल्या बायकांना घेऊन तिनं कितीतरी वर्षं गावठी दारूची मडकी फोडली आहेत. आमचे वडील दारूनंच गेले. मी तेव्हा बारावीत होतो.

एका सकाळी ती एसटीनं आली. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला. आईनं तो घेतला नाही.

"पयले बाटल्या दाखव," ती मला म्हणाली. "तोवर या घरातलं पाणी मले नको."

"आई, लेबल त वाच. लिहून हाय ना त्यावर."

"लिहिणारा तूच ना?"

मी चांगलाच भडकलो होतो, पण आतून हादरलोही होतो. ती पाणी न पिता परत गेली असती, तर तिच्या मनात मी कायमचा वडिलांच्या शेजारी जाऊन बसलो असतो. ते मी होऊ देणार नव्हतो. फ्रिजमधल्या, फळीवरच्या, होत्या नव्हत्या त्या चौदा बाटल्या तिच्यासमोर मांडल्या आणि ओपनर तिच्या हातात दिला.

ती फरशीवर मांडी घालून बसली. एक एक झाकण उघडायची, बाटली नाकाखाली धरायची, डोळे मिटायची, "हं" म्हणायची आणि बाजूला ठेवायची. मी हाताची घडी घालून उभा होतो. नवव्या बाटलीला ती थांबली. पुन्हा हुंगली.

"हे ओत."

"काऊन? सगळ्यात एकच आलं हाय."

"ओत म्हणते ना."

मी तिच्या हातातून बाटली घेतली. ती मागच्या घाण्यातली होती, फ्रिजमध्ये ठेवायची राहून गेलेली. मे महिन्याच्या उन्हाळ्यात बारा दिवस फळीवर पडून होती. मी एक घोट घेतला. आधी आंबट लागलं आणि मग घशातून खाली काहीतरी गरम उतरत गेलं. बाटलीवर मीच लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'यात अजिबात दारू नाही.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोरीत जाऊन मी ती उपडी केली.

"लाल ओळ काढून टाकतो," परत येऊन मी म्हटलं. "त्याच्या जागी भरल्याची तारीख लिहितो."

"तारीख लिही," ती म्हणाली आणि पुढची बाटली उचलली. उरलेल्या सगळ्या ठीक निघाल्या.

"तुले कसं समजलं, आई?"

"तुहा बाप संध्याकाळी दारात आला का मी पयले त्याचं तोंड हुंगत होती. वीस वर्सं. जेवण मंग." घर झाडल्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"अन वास नसला त?"

"त शिरा करत होती."

आमच्या घरी अधूनमधून, सणवार नसताना, शिरा व्हायचा. आम्ही भावंडं कढईच्या खरवडीवरून भांडायचो. आज शिरा कशाचा, हे कुणी कधी विचारलं नाही. आईला लहर आली असेल, असंच मी इतकी वर्षं समजत होतो. आणि असे दिवस फार थोडे होते, हेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. मघाचा तांब्या तिथेच होता, तो तिनं उचलून तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा केला. मग पदरानं ओठ पुसून स्वयंपाकघराकडे वळली.

"पोरी," तिनं माझ्या बायकोला विचारलं, "घरात रवा हाय का?"