चहाला नाही म्हणणारा

लंडनमधल्या हॅरोला मुलाकडे होतो तेव्हा एक गोरा पोरगा आठवडाभर रोज दारात यायचा. पांढरा शर्ट, टाय, सोबत एक गप्प जोडीदार. सून म्हणाली, मॉर्मन धर्मप्रचारक आहेत. तो त्याचा देव सांगायचा, मी चहा पुढे करायचो. त्याच्या धर्मात चहा चालत नाही. माझ्या दारातून कुणी चहाशिवाय गेलेलं मला चालत नाही. तो हसून कपबशी हळूच सरकवायचा, झोपलेलं लेकरू सरकवावं तशी.

एकदा म्हणाला, "ग्रँडपा, माझ्यापेक्षा चिवट प्रचारक तुम्हीच." सुनेनं मराठीत सांगितलं. मला आवडलं.

मग त्याची मँचेस्टरला बदली झाली. निरोपाला आला तेव्हा मी वेलची घातलेलं गरम दूध दिलं. सगळं प्यायला.

"प्यायला की नाही माझ्या घरी?" मी सुनेला विचारलं.

"बाबा, ते दूध होतं."

"कप चहाचा होता."