शक्की सर आणि ओहायोचं पाणी

सभेत चहा आला की शक्की सर कप हातात घ्यायचे, पण ओठाला लावायचे नाहीत. आधी विचारायचे, "हा कुणाकडून?" कॉलेजचा असला तर प्यायचे. बिल्डरचा, बँकेचा, पुढाऱ्याचा असला तर कप तसाच खुर्चीखाली सरकवून द्यायचे. एकदा एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नातही सवयीनं विचारून बसले. वधूपित्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे. खरं नाव हजेरीपटापुरतं. आम्ही ठेवलेलं नाव त्यांना चांगलं माहीत होतं. "शक्की म्हणा, चालतंय. भोळा तेवढं म्हणू नका," असं वर्गातच सांगायचे.

बी.ए.ला अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा पेपर होता. बाकीचे प्राध्यापक गाइड वाचून मोकळे होत. सर मात्र त्या देशात जन्म गेल्यासारखे बोलायचे. "कायदा संसदेत होतो, हे पुस्तकात हाय. मसुदा कुठं होतो, ते शोधा." मग लॉबी म्हणजे काय ते सांगायचे. "लॉबी म्हणजे वऱ्हांडा. आपल्या तहसीलच्या वऱ्हांड्यात एजंट उभे असतात का न्हाई? तसेच तिथं कंपन्यांचे लोक उभे असतात. फरक इतकाच, त्यांना नोंदणी करावी लागते." हा फरक त्यांना फार आवडायचा. चोर असो वा साव, नाव तरी कळतं, म्हणायचे.

लातूरच्या एका शिकवणी वर्गानं आमच्या गॅदरिंगचा मांडव दिला, त्या वर्षीची गोष्ट. वक्तृत्व स्पर्धेची ढाल त्यांची, परीक्षक त्यांचाच आणि विषय होता, 'शिकवणी वर्ग ही काळाची गरज'. सरांनी मला विरुद्ध बाजूनं उभं केलं. मी जीव तोडून बोलले आणि शेवटून पहिली आले. प्राचार्य सरांवर इतके तापले की महिनाभर त्यांचा नमस्कार घेत नव्हते. सर मला कॅन्टीनमध्ये भजी खाऊ घालत म्हणाले, "वैशाली, हरलीस म्हणून रडू नको. तू जिंकली असतीस तर मला तुझ्यावर शक आला असता."

पण सरकारला आणि कंपन्यांना शिव्या घालून टाळ्या घेणाऱ्यांचं त्यांच्यापुढे काही चालायचं नाही. आमच्या गल्लीत पाच-सहा दिवसांनी नळ यायचा. आम्ही महापालिकेच्या नावानं बोटं मोडायला लागलो की ते शांतपणे विचारायचे, "नगरसेवकाच्या दारात कोण कोण गेल्तं?" गेलेलं कुणीच नसायचं. "सरकारवर शक घ्या, कंपनीवर घ्या. पण पहिला शक स्वतःवर घ्या, की मी गप्प का बसलोय?" मला त्यांच्या या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. आजही येतो, कारण उत्तर देता येत नाही.

त्यांची एकुलती एक लेक नसरीन माझी वर्गमैत्रीण. शाळेत आम्ही एका डब्यात जेवलो. ती इंजिनीअर होऊन अमेरिकेत, ओहायोतल्या एका छोट्या गावी नोकरीला गेली. बायको वारल्यावर आणि रिटायर झाल्यावर सर सहा महिन्यांसाठी तिच्याकडे राहायला गेले. जन्मभर शिकवलेला देश बघायला निघालेला माणूस! पण विमानतळावर फुकटची पाण्याची बाटली मिळाली तेव्हा ती उलटीसुलटी करून कंपनीचं नाव वाचत होते.

तिथं त्यांनी देखावे वगैरे काही पाहिले नाहीत. दर आठवड्याला गावाच्या सभागृहात जाऊन मागच्या रांगेत बसायचे. गावात राहणारा कुणीही तिथं माइकवर जाऊन दोन-चार मिनिटं बोलू शकतो, याचंच त्यांना अप्रूप. फोनवर मला सांगायचे, "अगं, म्हातारी बाई कुत्रं घेऊन येते अन् अध्यक्षाला झापते! कुणी तिला हाकलत न्हाई." आणि लगेच आवाज खाली आणून, "पण शाळेच्या मैदानावर कंपनीची पाटी हाय. शाळा सरकारची, पाटी कंपनीची. काहीतरी हाय."

काहीतरी होतंच. त्या कंपनीला गावाबाहेर कॉम्प्युटरचं अवाढव्य गोदाम उभारायचं होतं. ती यंत्रं थंड ठेवायला बेसुमार पाणी लागतं. गावाच्या विहिरींना धक्का लागणार नाही, असा अहवाल सभेत आला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी शोधून काढलं की अहवाल कंपनीनंच करून घेतलेला. सरकारनं स्वतः पाणी मोजलेलंच नव्हतं. त्यांना हे उठून विचारायचं होतं. अडचण एकच होती. नसरीन त्याच कंपनीत होती.

तिचा मला फोन आला. रडकुंडीला आली होती. "तू तरी समजाव अब्बांना. माझा व्हिसा या नोकरीवर हाय, नवऱ्याचा अन् पोरीचा माझ्यावर. नोकरी गेली की सगळ्यांनी बोचकं बांधायचं." तिनं त्यांना एकच वाक्य सांगितलं होतं, "अब्बा, नक्को बोलो." मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माणसं गप्प का बसतात, ते आज कळून राहिलंय मला. लेकरं असतात ना त्यांना."

मग सरांनी आपल्याकडची युक्ती केली. इथं कुणाची बदली अडकलेली असते, कुणाचं बिल. तो प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी देतो, आणि दुसरा उठून "लोकांचं म्हणणं असं आहे" म्हणतो. मूळ माणसाचं नाव मेलं तरी कुणी घेत नाही. सरांच्या शेजारी एक रिटायर्ड पोस्टमन राहायचा. तिथंच जन्मलेला, तिथला मतदार. कुंपणापाशी उभं राहून सरांनी त्याला सगळं समजावलं. तोही तयार झाला.

सभेत तो माइकवर गेला आणि त्यानं झकास विचारलं, "गावानं स्वतः पाणी का मोजलं नाही?" आणि मग तो भला माणूस म्हणाला, "हा प्रश्न माझा नाही. नसरीनच्या वडिलांचा आहे. ते भारतात प्राध्यापक होते. ते पाहा, मागे बसलेत. मी त्यांचे आभार मानतो!" लोकांनी वळून टाळ्या वाजवल्या. सरांनी मला सांगितलं, "वैशाली, सगळ्यांवर शक घेतला गं मी. तो इतका इमानदार निघंल, हे ध्यानातच आलं न्हाई."

गावानं निर्णय थांबवला आणि आधी स्वतः पाणी मोजायचं ठरवलं. सर परत आले तेव्हा ही गोष्ट सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. "एका प्रश्नानं सरकारला कामाला लावलं बघ!"

काही महिन्यांनी कंपनीनं माणसं कमी केली. त्यात नसरीन होती. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही, आणि तिचं बिऱ्हाड नांदेडला आलं. तेव्हा तिनं मला एकटीला सांगितलं की सभेच्या दुसऱ्या दिवशी साहेबानं तिला बोलावून हसत विचारलं होतं, "तुमचे वडील अजून किती दिवस आहेत इथं?" बस, एवढंच. पुरावा काहीच नाही.

सर तोवर अंथरुणाला खिळले होते. मी भेटायला गेले त्या दुपारी त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, "नसरीन, तुझी नोकरी माझ्यामुळं गेली का?"

"न्हाई अब्बा. कितीतरी लोकांची गेली. तुमचा काय संबंध?" ती नजर न हलवता म्हणाली.

मला वाटलं, आता पुढचा प्रश्न येणार, कुणी सांगितलं तुला, कागद दाखव. जन्मभर कुणाचंही उत्तर त्यांनी एका फटक्यात मानलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले. मग "अच्छा" म्हणाले आणि तिच्या हातावर हात ठेवून डोळे मिटले.

त्याच आठवड्यात सर गेले. त्यांना लेकीचं खरं वाटलं होतं, की लेकीसाठी त्यांनी ते खरं मानून घेतलं? नसरीन आणि मी रोज बोलतो, सगळं बोलतो. एवढं मात्र आम्ही एकमेकींना अजून विचारलेलं नाही.