मीठ चांगलंच होतं

आमच्या घरी माशांच्या दुकानदाराचा विषय निघाला की आई म्हणते, "अख्ख्या दिल्लीत एवढा सच्चा माणूस मी पाहिला नाही." मी तोंडात घास कोंबतो. बिल्डर, ठेकेदार, सोसायटीचे सेक्रेटरी, यांच्यापैकी कुणालाही मला गप्प करणं आजवर जमलेलं नाही. त्या माणसाला मात्र जमलं आहे, आणि ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी नळ विकतो. मयूर विहारमधल्या सोसायट्या उभ्या राहत होत्या तेव्हा खांद्याला पिशवी लावून साइटवर हिंडायचो. पुढे गुडगावात टॉवर उगवायला लागले. एकेका फ्लॅटला तीन-तीन बाथरूम. माझं शोरूम झालं, मग त्यातल्याच एका टॉवरमध्ये घर झालं. सगळं घासाघीस करून. छापील भावात मी तोवर आयुष्यात फक्त रेल्वेचं तिकीट घेतलं होतं.

आई तेव्हा दादाकडे राहायची, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. खालच्या मजल्यावर नागपूरचे, समोर साताऱ्याचे. संक्रांतीचं हळदीकुंकू, जिन्यातच तासभर गप्पा. दादा रिटायर झाला, क्वार्टर सोडून पुण्याला दोन खोल्यांत गेला आणि आई माझ्याकडे आली. चौदाव्या मजल्यावरून तिने खाली पाहिलं आणि म्हणाली, "इथे माणसं राहतात की नुसते गार्ड?"

आठवड्याभरात तिने गावाला जायचं काढलं. आमचं गाव रत्नागिरीकडचं, घर खाडीच्या तोंडाशी, वर्षानुवर्षं कुलूप लावलेलं. तिचे गुडघे गेलेले, जवळ डॉक्टर नाही, शेजारची घरंही मुंबईला गेलेली. मी म्हटलं, एकटी मरशील तिथे. ती म्हणाली, "मरेन, पण लाटांच्या आवाजात."

मग एका हॉटेलच्या लॉबीत मी समुद्रातल्या माशांचा, खाऱ्या पाण्याचा एक काचेचा टँक पाहिला. आईला मुद्दाम घेऊन गेलो. ती त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेचना. वेटर तीनदा पाणी विचारून गेला. त्याच आठवड्यात मी दक्षिण दिल्लीतला एक दुकानदार गाठला आणि आमच्या हॉलमध्ये समुद्र आणला. भाव पाडायला तीन बैठका लागल्या. शेवटी तो म्हणाला, "भाईसाहब, अब मछली आप ले जाओ, दुकान भी ले जाओ."

आईचा मुक्काम खुर्चीसकट टँकपुढे हलला. गावचा विषय बंद. खडकांवर मऊ प्रवाळ होतं, पाण्यात फुलं डुलावीत तसं. गोगलगायी होत्या, नारिंगी माशांची जोडी होती, आणि लांब मिशांची एक लाल कोळंबी होती, ती माशांच्या अंगावरची घाण साफ करायची. आई म्हणाली, "कढीत घालायची सोडून हिला डॉक्टर केलीय!"

नारळी पौर्णिमेला ती नारळ घेऊन टँकपाशी आली. मी ओरडलो, "आई, आत काही टाकायचं नाही!" तिने निमूटपणे नारळ समोर ठेवला, हात जोडले. विषय मिटला असं मी समजलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गोगलगायी काचेवरून सुटून पडायला लागल्या. प्रवाळाची फुलं मिटली ती उघडेनात. मग एका सकाळी कोळंबी तळाशी आडवी. मासे मात्र ठणठणीत, खाण्यावर तुटून पडत होते. आई खुर्चीवरून उठली. "या गावात समुद्रसुद्धा जगत नाही. माझं तिकीट काढ."

मी दुकानदाराला फोनवर फाडून खाल्लं. मीठ भेसळीचं दिलंस म्हटलं. तो थंडपणे म्हणाला, "मीठ वही है जो सबको देता हूँ." मग मी स्वतःच कामाला लागलो. पाण्याचा खारटपणा मोजला, बरोबर. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत पंप थांबतो, म्हणून त्याला बॅटरी लावली. बायकोची उदबत्ती बंद केली. कामवालीचं फिनाइल बंद केलं, तर तिने काम सोडलं. जिन्यात झुरळांचं औषध फवारलं म्हणून सेक्रेटरीशी भांडलो. बायको म्हणाली, "अहो, आता माझा श्वासही मोजणार का?"

प्रवाळ तसंच मिटलेलं. आईने पेटी खाटेखालून ओढून काढली होती.

दुकानदाराकडे गेलो. मासे धडधाकट आणि बिनकण्याचे प्राणी मरताहेत म्हटल्यावर त्याने पाणी तपासायच्या औषधाची एक बाटली पुढे केली. "ताँबा चेक करो. मछली झेल लेती है, बाकी सबके लिए ज़हर है." मी उखडलो. ज्याने जन्मभर पितळी नळ विकले त्याला हा तांबं शिकवणार! खाऱ्या पाण्यात गंजतं म्हणून टँकच्या लाइनमध्ये मी पितळेचा एक स्क्रूही ठेवला नव्हता, सगळं प्लास्टिक. तरी घरी येऊन तपासलं. औषधाचे थेंब टाकताच पाणी निळं पडलं. तांबं होतं.

मी प्रत्येक जोड उघडला. पंप खोलला, हीटर पाहिला. निम्मं पाणी बदललं. दोन दिवस प्रवाळ किंचित फुललं आणि पुन्हा मिटलं. म्हणजे तांबं कुठून तरी रोज येत होतं. मग बादलीवर नजर गेली. टँकचं पाणी उडून कमी होतं, ते भरून काढायला खाली फिल्टरच्या पाण्याची बादली असते. ती आता रिकामीच होत नव्हती. मी इतके दिवस खूश होतो, पाणी वाचतंय म्हणून! पाणी उडत होतं, पण ते दुसरंच कोणीतरी भरत होतं.

दुसऱ्या दिवशी शोरूमला जायला निघालो, लिफ्टपर्यंत गेलो आणि परत आलो. आई देवपूजा आटोपून टँकपाशी उभी होती. हातात तिचा तांब्याचा गडू. लग्नात मिळालेला, रात्रभर पाणी भरून देवापुढे ठेवलेला असतो तो. डोळे मिटून ओठ हलवत तिने सगळं पाणी धारेने समुद्राला वाहिलं. काचेच्या कडेला धार लागायची तिथे हिरवट डाग धरला होता. मी एवढे दिवस त्याला शेवाळ समजत होतो.

तोंडात आलेली शिवी मी कुणाला द्यायची? बोललो असतो तर ती त्याच दिवशी पेटी उचलून गेली असती. आपल्या हाताने समुद्र मारला हे कळून ती तिथे खाडीपाशी एकटी बसली असती. मी आल्या पावली मागे फिरलो आणि गाडी दुकानदाराकडे नेली.

"तू आधी सांगायला हवं होतंस, तांबं वर्ज्य म्हणून," मी हिंदीत कडाडलो.

"आपने इतना कटवाया भाईसाहब, उसमें सलाह भी कट गई."

मी त्याला काय हवं ते सांगितलं. घरी ये, दोष मिठाचा म्हण, आणि तिचा गडू बंद होईल असं काहीतरी बोल. त्याने चहा मागवला. पहिल्यांदाच. मग म्हणाला, "झूठ बोलूँगा, अपने माल की बदनामी करूँगा. लेकिन आज के बाद मेरी दुकान में भाव नहीं करोगे. जो बोला, सो दिया."

मी अर्ध्यावर आणायचा प्रयत्न केला. तो नुसता हसला.

संध्याकाळी तो आला. आईच्या पाया पडला. नमक खराब निकला, माताजी, म्हणून कान पकडले. पाणी बदललं, उरलंसुरलं तांबं शोषून घ्यायला कार्बन घातला. मग देवघराकडे बघून म्हणाला, "माताजी, समंदर को अर्घ्य शंख से दीजिए. थोड़ा-सा, इसी बाल्टी का पानी. शंख उसका अपना बच्चा है."

आईचे डोळे भरून आले. हे मला कसं सुचलं नाही, म्हणाली. गडू देवापुढेच राहिला, शंख टँकपाशी आला. मेलेलं परत आलं नाही, पण उरलेलं प्रवाळ महिन्याभरात फुललं. नवी कोळंबी आणली. छापील भावात. पेटी खाटेखाली गेली.

आता तो दर महिन्याला येतो, सांगेल तो आकडा लावतो, वर आईच्या हातची सोलकढी पितो. गेल्या खेपेला त्याच्या देखतच ती मला म्हणाली, "चूक कबूल करायला मोठं मन लागतं. नाहीतर तू! चार पैसे वाचवायला रद्दी मीठ आणलंस. बिचारे जीव गेले. तुझा हा स्वभाव कधी जायचा रे?"

तो वाटीत बघत होता. मिशीत हसत होता.

"बिल्कुल, माताजी," तो म्हणाला.

मी उठून बादली भरून ठेवली.