तोंड उघड

ह्यांचं सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्यानंतर नाक साफ करून घ्यायला आम्ही चेंबूरच्या दवाखान्यात खेपा घालत होतो. तिथे गोवंडीहून एक गृहस्थ बायकोला घेऊन यायचे. तिचंही तेच ऑपरेशन झालेलं.

वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, असं डॉक्टरांनी सगळ्यांनाच बजावलं होतं. म्हणून तिच्या चपला ते स्वतः खाली बसून काढायचे. तिला शिंक येतेय असं दिसलं की "तोंड उघड, तोंड उघड" म्हणत आधी स्वतःच आ वासायचे. लोक हसायचे. त्यांचं लक्षच नसायचं. आमच्या ह्यांना मी तसं सांगितलं, तर हे डोळे वटारायचे.

"हिला कित्येक वर्षं कसलाच वास येत नाही, ताई," ते एकदा म्हणाले. "मागे गॅस चालू राहिला, आणि ही तिथंच भाजी निवडत बसलेली. तेव्हापासून मी कामावर असलो तरी जीव सगळा घरात."

शेवटच्या खेपेला ते बायकोच्या काढलेल्या चपला हातात धरून तसेच बसले होते. मीच विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"काल म्हणाली, खिडकी लावा, डम्पिंगचा वास येतोय."

देवनारच्या कचऱ्याच्या त्या वासाला अख्खी गोवंडी शिव्या घालते. त्या गृहस्थांचा मात्र सांगताना आवाज भरून आला.

"मग लावलीत खिडकी?"

"लावली ना," ते डोळे पुसत म्हणाले, "पण जरा वेळानं."