थंडीत हुक न काढणारे जंतू

सांगतो, पण हसा हळू. कारण या फजितीत मी एकटा नव्हतो, माझी एम.एस्सी.ची डिग्रीपण सामील होती!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. श्रीरामपुरातल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. नवी नोकरी, नवा पांढरा कोट. जंतूंनी मला बघून उठून उभं राहावं, असा रुबाब!

डिसेंबरात बेलापूरच्या मार्थामावशी आजारी वासराच्या हगवणीचा नमुना घेऊन आल्या. घरी तीन वासरं.

"सर, ह्ये एक येगळं बांधलंय. बाकीच्या दोघांना लागनार न्हाई ना?"

आता बघा, हगवण लावणाऱ्या या जंतूंच्या अंगावर केसांसारखे बारीक हुक असतात. त्यांनी ते आतड्याला चिकटतात. असे जंतू मेंढीच्या रक्तात मिसळले की रक्ताच्या गुठळ्या होतात. सोपी परीक्षा!

दोन दिवस जंतू वाढवले, रक्तात मिसळले. गुठळी? नावालासुद्धा नाही!

"मावशी, बिनधास्त! यांना हुकच नाहीत. गरीब जंतू आहेत. सोडा वासरू बाकीच्यांत."

"पन त्ये अजून पातळ हगतंय की."

"मावशी, शिकलेलं कोण? तुम्ही की मी?"

हे मी खरंच म्हणालो हो!

तिसऱ्या दिवशी मावशी प्रयोगशाळेच्या दारात. तिन्ही वासरं आडवी. पण माझा तोरा सुटतो का?

"शक्यच नाही! या पेटीत सदतीस डिग्रीला वाढवलेत. वासराच्या पोटासारखी ऊब!" मी ऐटीत दार उघडलं. मावशींनी आत हात घातला.

"सर, आमचा माठ बी यापरीस गरम आसंल!"

मी वायर धरून मागे गेलो. सॉकेटमध्ये चहाच्या पाण्याची कॉइल! नमुना आला त्याच दिवशी चहासाठी पेटीचा प्लग मीच काढला होता.

आणि हे जंतू महाबिलंदर. गारठा लागला की ओळखतात, आपण पोटाबाहेर आहोत. मग हुक बनवायची मेहनत कोण करतो? ऊब मिळाली की बनवतात. पेटी तापवून पुन्हा वाढवले, तर रक्ताच्या गुठळ्याच गुठळ्या!

गुरांच्या डॉक्टरांनी धाव घेतली, मावशींनी रात्रंदिवस मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तिन्ही वासरं उठली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. घरी जाऊन माफी मागितली. राहवेना, म्हणून हुकांचं शास्त्रही समजावलं.

मावशी वासराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

"म्हंजी त्यो एवढासा जंतू बी आधी बघतो, आपन कुटं हाय, आन मंगच हुक भाईर काढतो. तुमी मातुर सर, काय बी न बघता जीभ!"