निघणाऱ्या बैठकीची दमणी

काही वर्षांपूर्वी हिंगोलीच्या एका शोरूममध्ये मी बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर बघायला गेले होते. भाऊ सोबत होता. एक साधी आणि एक जरा जास्त पळणारी, अशा दोन गाड्या समोर उभ्या होत्या आणि मला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात विक्रेत्याने तिसरीच पुढे ढकलली. "मॅडम, ये वाली लो. गावात चालवा, हायवेला पळवा, दोन्हीला चालते." मी तिथून उठले आणि सरळ बाहेर आले. दोन्हीला चालते असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भाऊ मुकाट्याने मागून आला. का, हे त्याने विचारलं नाही, कारण त्या रागाला कारण तोच होता.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचं गाव डोंगरकड्याच्या बाजूचं, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. गावात शाळा सातवीपर्यंत होती, पुढचं हायस्कूल डोंगरकड्याला. गावातल्या पोरी घोळक्याने चालत जायच्या. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने अधू झालेला. घरात, गल्लीत मी कुणाच्या आधाराशिवाय फिरायचे, वेळ आली तर भांडायलाही जायचे, पण काळ्या मातीची ती गाडवाट रोज तुडवणं माझ्याच्याने होणारं नव्हतं. सातवीचा निकाल लागला तेव्हा शेजारणींनी मायला सांगूनही टाकलं, की पोरीचं झालं एवढं पुष्कळ झालं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते लागलं. ते म्हणाले, "दमणी करू. बसून जाईल अन् बसून येईल."

दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी. तिला बसायला बैठक असते, बाजूला कठडा आणि वर उन्हापावसाला टप. मला तर तेवढं ऐकूनच रात्री झोप लागली नाही. माझी शाळा आता त्या गाडीवर होती. गाडी झाली तर शाळा, नाही तर चूल.

पण घरात भाऊ होता. माझ्याहून मोठा, शाळा सोडून शेतीला लागलेला आणि शंकरपटाच्या नादाने पुरता वेडा झालेला. सुगी उरकली की आमच्याकडे गावोगाव पट भरतात. बैलांची जोडी, तिच्यामागे नुसता सांगाडा असलेली छकडी, त्या छकडीवर उकिडवा बसून बैल हाकणारा धुरकरी, आणि घड्याळ लावून शर्यत. भावाकडे एक लाल कंधारी आणि एक पांढरा असे दोन जातिवंत गोऱ्हे होते. छकडी मात्र दर वेळी दुसऱ्याची मागून आणावी लागायची आणि ते त्याला फार खुपायचं.

"लाकूड आणायचंच हाय तर छकडीच करू ना," तो म्हणाला. "पटाला बी होईल, अन् हिला बी नेईन शाळंत."

"छकडीत लेकरू बसंल कुठं?"

"माझ्या मागं."

"तुझ्या मागं हवा हाय नुसती," आबा म्हणाले.

पूर्ण उन्हाळा हा वाद चालला. दमणी केली तर पटात लाज जाईल, एवढं धूड घेऊन कोण पळतं? छकडी केली तर पोरगी पहिल्याच खड्ड्यात रस्त्यावर पडेल. जेवताना तेच, कडबा रचताना तेच. गाडी माझ्यासाठी होती आणि मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मी मध्ये बोलले की दोघेही म्हणायचे, तू गप बस, तुला काय कळतं गाडीतलं. त्या दोघांचं एकमत फक्त एवढ्याच एका गोष्टीवर व्हायचं.

शेवटी तोड काढली सुतारमामांनी. मामा भला माणूस, पण त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. ते म्हणाले, बैठक निघती करू. खाली छकडीसारखा हलका सांगाडा, वर चार खुंट्यांवर बसणारी बैठक, कठडा आणि टप. शाळेला जाताना बसवायची, पटाला जाताना काढून ठेवायची. "दोन्हीला चालते बघा," मामा म्हणाले, आणि आबा आणि भाऊ दोघेही खूश झाले. मीही झाले. तेव्हा मला अक्कल नव्हती.

त्यानंतर आबा सकाळी एकटे सुतारमामांकडे जायचे आणि सांगायचे, जरा भरीव करा, पोरगी बसणार हाय. संध्याकाळी भाऊ एकटा जायचा आणि सांगायचा, जरा तासून काढा, पळवायची हाय. मामा दोघांनाही बरं म्हणायचे आणि दोघांचंही करायचे. गाडी तयार होऊन दारात आली तेव्हा कठडा पलंगाच्या खुरांसारखा जाडजूड होता आणि चाकं बघून वाटत होतं की आता फुंकर मारली तरी मोडतील. वाटेवर ती डुगडुगायची. बैठक खुंट्यांवर हिसके खायची आणि माझे दात एकमेकांवर आपटायचे. पटातही ती काही फार पळाली नाही. भावाच्या मते बैठक काढली तरी खालचा सांगाडा दमणीचाच राहिला होता. ना धड दमणी, ना धड छकडी. पण मी आठवीत बसले होते. दात आपटले तरी चालतील, असं मी तेव्हा म्हणायचे.

खरा ताप सुरू झाला सुगीनंतर. पटाचे दिवस जवळ आले तसा भावाने नियम काढला की पळणाऱ्या बैलांना आता ओझ्याला जुंपायचं नाही.

"ओझं कोणतं?" मी विचारलं.

तो बैलांना सरकी चारत होता. वळूनही न बघता म्हणाला, "तूच की. बैठक, टप अन् तू."

हे मला अजून बोचतं. त्याने ते वाईट बुद्धीने म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त बोचतं. मी घरी बसायचे आणि ते दोन बैल गोठ्यात सरकी खात, अंग चोळून घेत आराम करायचे. आमची जुनी जड बैलगाडी आणि कामाचे बैल आबांना शेतावर लागायचे. कधी कुणाच्या सायकलवर मागे बसून, कधी बाजाराला निघालेल्या गाडीत ज्वारीच्या पोत्यांवर बसून मी डोंगरकड्याला पोहोचायचे, पण तेव्हा पहिले दोन तास होऊन गेलेले असायचे. वर्गशिक्षक माझी उशिराची हजेरी लावताना म्हणायचे, "आज पटाची सुट्टी वाटतं?" सगळा वर्ग हसायचा आणि मीही हसायचे. मग घरी येऊन भांडी आपटायचे.

माय म्हणायची, "आवाज नको करू, बैलं बुजतात." त्या घरात बैलांचं मन जपायला सगळे तयार होते.

आणि दर पटानंतर गाडी थोडी कमी होऊन परत यायची. पहिल्या वर्षी टप गेला. भाऊ म्हणाला, वाऱ्याला अडतो. मी म्हटलं, टप तर तू पटाला काढूनच ठेवतोस, तो वाऱ्याला अडेल कसा? त्यावर त्याने सांगितलं की टप बसवायची भोकं सांगाड्यात होती, तो भागच हलका करायला तासून टाकला. दुसऱ्या वर्षी कठड्याची भोकंही तशीच तासली गेली आणि कठडा एकाच बाजूचा राहिला. मी त्या एका बाजूला दोन्ही हातांनी धरून बसायचे. पावसाळ्यात डोक्यावर पोतं घ्यायचे. आबा चिडायचे, भाऊ शपथ घ्यायचा की पुढच्या सुगीनंतर सगळं पहिल्यासारखं करून देतो. मात्र दरम्यान तो खरोखर जिंकायला लागला होता. औंढ्याकडच्या एका पटात त्याची जोडी पहिली आली तेव्हा आबांनी स्वतः बैलांवर गुलाल टाकला. मी दारात उभी होते. आबांचा आनंद बघून मला कळून चुकलं की माझ्या बाजूने भांडणारा माणूसही आता अर्धा तिकडे गेलाय.

अशी मी दहावीला आले. परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. महिनाभर आधीपासून मी भावाच्या मागे लागले होते, परीक्षेला पट नाही, बैठक लावून ठेव. तो म्हणायचा, "व्हय व्हय, लावतो की. काहून तकलीफ घेते?"

पहिल्या पेपरच्या सकाळी आबांनी गोठ्याच्या माळ्यावरून बैठक उतरवली. धूळ झटकली आणि गाडीवर ठेवली. खुंट्या बसेनात. त्यांनी पुन्हा उचलली, फिरवून ठेवली. मग खाली वाकून बघितलं. मागच्या दोन खुंट्यांची भोकं ज्या पट्टीत होती ती पट्टीच गायब होती. भावाने मागच्या पटाच्या आधी ती कापून तिथे बांबूची काठी बांधली होती.

 हातातली बैठक आबांनी अंगणात अशी आपटली की पांढरा बैल दावं ओढायला लागला. मी ओरडले. काय काय ओरडले ते मायला अजून पाठ आहे. तीन वर्षं हजेरीत हसू करून घेतलं ते आज घरी बसायला का, असंही म्हणाले. भावाचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याने भराभर बैल जुंपले आणि म्हणाला, "बस माझ्या मागं. मला धर. पडू देणार न्हाई."

दुसरा इलाज नव्हता. आबांनी मला उचलून त्या बोटभर फळीवर बसवलं. डावा पाय त्यांनी उपरण्याने सांगाड्याला बांधला. मी भावाच्या कमरेला मिठी मारली आणि त्याने कासरा सैल सोडला.

असं काही मी आधी कधी अनुभवलं नव्हतं. गाव मागे पडलं, वाटेवरची चिंच मागे पडली, ज्या खड्ड्याला आमची दमणी दर वेळी थांबून उतरायची तो खड्डा कधी गेला कळलंच नाही. धुळीने तोंड भरलं. मी आधी घाबरून किंचाळले, मग पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी हसतेय. आणि त्याचा मला इतका राग आला की काय सांगू! ज्या गोष्टीने माझी तीन वर्षं खाल्ली, ती मला आवडायला लागली होती.

शाळेच्या फाटकाशी त्याने बैल आवरले. परीक्षेला आलेली पोरं टक लावून बघत होती. भावाने खाली उतरून उपरणं सोडलं. त्याचा चेहरा पट जिंकल्यासारखा फुलला होता.

"तुझं वजन मागं होतं म्हणून आज कशी बराबर पळली बघ! जराबी उधळली न्हाई. इतके दिवस मी उगीच तासत बसलो."

मी त्याला मारणारच होते. पण घंटा झाली. पहिलं अर्धं पान बोटांवरच्या धुळीने असं माखलं की अक्षर वाचता येईना. पुढचं लिहिलं. उरलेल्या सगळ्या पेपरना त्याने मला तसंच नेलं.

मी पास झाले, आणि बऱ्यापैकी मार्कांनी झाले. अकरावीचं कॉलेज त्याच शाळेत होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ एकटाच गाडी घेऊन सुतारमामांकडे गेला. आबांनी त्याला काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा तिला जाड पट्टी होती, दोन्ही बाजूंना कठडा होता, नवा टप होता आणि बैठक लोखंडी पट्ट्यांनी, नटबोल्टांनी सांगाड्याला आवळून टाकलेली होती. त्याने ती दोन्ही हातांनी हिसडून दाखवली. "आता न्हाई निघणार," एवढंच म्हणाला आणि बैल पाणी पाजायला घेऊन गेला. त्या वर्षी तो पटाला गेला नाही. पुढच्या वर्षी लाल कंधारी नांगराला लागला.

निकालानंतरच्या जुलैत कॉलेजचा पहिला दिवस. मी ऐसपैस बसले होते. दात आपटत नव्हते, डोक्यावर सावली होती, मांडीवर नवी वही होती. मला पाहिजे ते सगळं मिळालं होतं. बैल आपल्या चालीने चालले होते, भाऊ पुढे बसून समोर बघत होता, आणि चिंच यायलाच इतका वेळ लागला की मी वैतागले.

"उशीर व्हायलाय," मी म्हणाले. "पळव ना जरा."

त्याने कासरा हलवला नाही. मागे वळूनही बघितलं नाही.

"दमणी हाय ही," तो म्हणाला. "दमणी पळवत नसतेत."